अंतराळातला डिटेक्टिव्ह आणि वऱ्हाडातले खारे पाणी

पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २००९ च्या अखेरीस एक यंत्र बंद पडले. अंतराळवीरांच्या लघवीतून पाणी वेगळे काढायचे, ते शुद्ध करायचे आणि पुन्हा प्यायला द्यायचे, या साखळीतले हे पहिले यंत्र. जमिनीवरच्या चाचण्यांत ते व्यवस्थित चालले होते. त्या चाचण्याही माणसांच्याच लघवीवर झाल्या होत्या. मग वर गेल्यावर असे काय झाले? तपासणीत यंत्राच्या आत पांढरा कठीण थर सापडला. तो कॅल्शियम सल्फेटचा होता, म्हणजेच जिप्समचा. अकोला, दर्यापूर, भातकुली या भागातल्या शेतकऱ्याला हे नाव नवे नाही. चोपण जमीन सुधारायला तो जिप्समची पोती शेतात रिकामी करतो.

पण अंतराळ स्थानकात जिप्सम आले कुठून? इथे दोन गुन्हेगार निघाले, आणि दोघेही वरवर निरपराध दिसणारे. वजनरहित अवस्थेत शरीराचा भार पेलायचे काम उरत नाही, म्हणून हाडे झिजतात. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने घटते आणि सुटलेले कॅल्शियम लघवीतून बाहेर पडते. जमिनीवरच्या चाचणीसाठी लघवी देणाऱ्यांची हाडे शाबूत होती, त्यामुळे हे जादा कॅल्शियम तिथे दिसलेच नव्हते. दुसरा गुन्हेगार होता लघवी टिकवण्यासाठी तिच्यात मिसळले जाणारे सल्फ्युरिक आम्ल. सल्फेट त्यातून आले. दोघे एकत्र आले आणि यंत्र तुंबले. लघवीतून ८५ टक्के पाणी परत मिळवण्याचे उद्दिष्ट काही काळ खाली आणावे लागले. पुढे सल्फ्युरिक आम्लाच्या जागी फॉस्फोरिक आम्ल वापरले गेले, इतर सुधारणा झाल्या आणि २०२३ मध्ये स्थानकाच्या एकूण यंत्रणेने ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा गाठला.

ही घटना खरी आहे, पण तिची मांडणी रहस्यकथेची आहे. बंद जागा, मोजके लोक, समोर पडलेला पुरावा आणि कुणाच्या लक्षात न आलेला दुवा. विज्ञानकथेत नेमका हाच बाज घेणारी कादंबऱ्यांची एक शाखा आहे. ग्रहताऱ्यांवर पसरलेली राज्ये, अंतराळयाने, लढाया असा मोठा पट मांडणाऱ्या कथांना इंग्रजीत ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. त्या पटावर एखादा थकलेला, हट्टी तपास अधिकारी आणून उभा केला की ही शाखा तयार होते. मराठी वाचक तिच्याकडे ‘करमणूक’ म्हणून पाहतो आणि पुढे जातो. तसे पुढे जाणे परवडणारे नाही, विशेषतः वऱ्हाडाला.

या शाखेचा पाया घातला तो आयझॅक असिमॉव्ह यांनी. जॉन कॅम्पबेल हे त्या काळातले विज्ञानकथांचे मोठे संपादक. विज्ञानकथा आणि रहस्यकथा यांचा मेळ बसू शकत नाही, असे त्यांचे मत होते. कारण उघड होते. लेखकाच्या हाती काल्पनिक यंत्रांचे भांडार असते. शेवटच्या पानावर डिटेक्टिव्हने खिशातून कुणी न ऐकलेले यंत्र काढले आणि खुनी पकडला, तर वाचकाची फसवणूकच झाली. असिमॉव्ह यांनी हे आव्हान मानले. ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ ही त्यांची कादंबरी १९५४ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि १९५७ मध्ये ‘द नेकेड सन’. पोलादी छताखालच्या शहरात वाढलेला आणि उघड्या आकाशाला घाबरणारा पोलीस इलायजा बेली आणि त्याचा जोडीदार, माणसासारखा दिसणारा यंत्रमानव डॅनील, ही जोडी या कादंबऱ्यांत तपास करते. दुसऱ्या कादंबरीतल्या ग्रहावर माणसे एकमेकांना पडद्यावरच भेटतात. प्रत्यक्ष जवळ येणे त्यांना किळसवाणे वाटते. कोविडच्या टाळेबंदीनंतर ही कादंबरी वाचणाऱ्याला त्यातली भीती समजावून सांगावी लागत नाही.

असिमॉव्ह यांनी स्वतःवर एक बंधन घातले. भविष्यातल्या त्या जगाचे नियम आधी सांगायचे, पुरावे वाचकासमोर ठेवायचे, आणि उकल त्याच पुराव्यांतून करायची. ऐनवेळी नवे काही आणायचे नाही. हे बंधन लेखनापुरते वाटते, पण विज्ञानही याच बंधनावर चालते. निष्कर्ष आवडला म्हणून पुरावा शोधायचा नाही, आणि समजले नाही म्हणून चमत्कार आणायचा नाही.

या कथांत शरीर हाच साक्षीदार कसा होतो, याचे चांगले उदाहरण म्हणजे असिमॉव्ह यांची १९५५ मधली ‘द सिंगिंग बेल’ ही छोटी कथा. चंद्रावर खून झाला आहे. संशयित म्हणतो, त्या काळात तो पृथ्वीवरच होता. ते खोटे आहे असे दाखवणारा एकही माणूस नाही. तपास करणारे प्राध्यापक त्याला हातातली वस्तू फेकायला सांगतात आणि त्याचा अंदाज चुकतो. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश. तिथे सवय झालेला हात पृथ्वीवर आल्याबरोबर पुरेसा जोर लावत नाही. जीभ खोटे बोलली, पण स्नायूंनी खरे सांगितले.

अलीकडचे गाजलेले उदाहरण ‘द एक्स्पान्स’ या नऊ कादंबऱ्यांच्या मालिकेचे. जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाखाली डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक या दोघांनी ती लिहिली. पहिली कादंबरी ‘लेव्हायथन वेक्स’ २०११ मध्ये आली. तिचा एक नायक मिलर हा सीरीस या बटुग्रहावरच्या वसाहतीतला पोलीस आहे. एका बेपत्ता मुलीचा शोध त्याच्यावर सोपवला जातो. दुसरा नायक होल्डन शनीच्या कड्यांमधला बर्फ वाहून आणणाऱ्या जहाजावर काम करतो. म्हणजे टँकरवरच. कारण त्या वसाहतींत हवा आणि पाणी दोन्ही बाहेरून येतात, दोन्ही मोजून मिळतात आणि दोन्हींवर कुणाचा तरी ताबा असतो. पाण्याचे एक जहाज उडवले जाते आणि त्यातून ग्रहांमध्ये युद्धाची ठिणगी पडते. कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या तिथल्या माणसांची हाडे लांब आणि नाजूक झालेली आहेत. अंगाकडे पाहूनच माणूस कुठला ते कळते. उन्हाळ्यात टँकरच्या वेळेवर घरातली कामे ठरवणाऱ्या वाचकाला या कादंबरीतले राजकारण परके वाटणार नाही.

या कादंबरीनंतर चार वर्षांनी, मार्च २०१५ मध्ये, ‘डॉन’ हे यान खऱ्याखुऱ्या सीरीसभोवती फिरू लागले आणि तिथे एक खरे रहस्य उभे राहिले. ऑकेटर नावाच्या सुमारे ९२ किलोमीटर रुंद विवरात झगझगीत पांढरे डाग दिसले. पहिला संशय बर्फावर गेला. परग्रहवासीयांच्या दिव्यांचीही चर्चा रंगली. डागांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे पृथक्करण झाले आणि २०१६ मध्ये उत्तर मिळाले. ते डाग मुख्यतः सोडियम कार्बोनेटचे होते. सोप्या शब्दांत, धुण्याच्या सोड्याचे. पृष्ठभागाखालचे खारे पाणी वर आले, ते उडून गेले आणि क्षार मागे राहिले.

विवर आणि सोडा ही जोडी वऱ्हाडच्या माणसाने कुठे तरी पाहिलेली आहे. बुलडाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर हे अंतराळातून आलेल्या पाहुण्याने बेसॉल्ट खडकात पाडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. वर्षानुवर्षे बाष्पीभवन होऊन क्षार साठत गेले आणि पाणी खारे व अल्कधर्मी झाले. एके काळी इथला सोडा काढून विकला जात असे. लोककथेने या खाऱ्या पाण्याचा संबंध लवणासुराच्या वधाशी जोडला. भूशास्त्रज्ञ बराच काळ ज्वालामुखीवर संशय घेत होते. तसा संशय येणे स्वाभाविकही होते, कारण सगळे दख्खनचे पठारच लाव्ह्याचे. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी विवरातले नमुने तपासून मॅस्केलिनाइट सापडल्याचे जाहीर केले. प्रचंड आघाताच्या दाबाखालीच खनिजाची अशी काच होते. ज्वालामुखीला ते जमत नाही. आरोपी आकाशातून आला होता, हे त्या पुराव्याने ठरले. वयाचा तपास त्यानंतरही चालू राहिला. आधी सुमारे ५० हजार वर्षे मानले जात होते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हाही अफवा आधी आल्या आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे उत्तर नंतर: वाढलेल्या खारेपणात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचे ते रंगद्रव्य होते.

असे असूनही अंतराळाचा पट आणि गुन्ह्याचा तपास मराठी कादंबरीत क्वचितच एकत्र येतात. मराठीत या दोन्ही धारा आहेत, आणि सशक्त आहेत. बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांनी प्रत्येकी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोल्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या किती तरी पिढ्यांनी त्या वाचल्या. दुसरीकडे डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, तिला पहिले पारितोषिक मिळाले आणि मराठी विज्ञानकथेला नवे बळ आले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ती धारा पुढे नेली. नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत मूर्तीची उलटी झालेली सोंड आणि अचानक डाव्या हाताने गोलंदाजी करू लागलेला क्रिकेटपटू हे सरळसरळ रहस्यकथेतले पुरावे आहेत. ‘वामन परत न आला’ या कादंबरीतही खोदकामात सापडलेल्या वस्तूचे गूढ आणि यंत्रमानव दोन्ही आहेत. म्हणजे मेळ बसतो, हे त्यांनी दाखवून दिले. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या वाटेवरचा हा फाटा मात्र फारसा कुणी चालला नाही.

यात बिघडले काय, असे कुणी विचारेल. एक वाङ्मयप्रकार कमी असल्याने कुणाचे आरोग्य बिघडत नाही. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर पूर्णेच्या खोऱ्यात आहे.

अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा खारपाणपट्टा पसरला आहे. आठशेहून अधिक गावे त्यात येतात. गाळाचा जाड थर, कमी निचरा आणि कोरडे हवामान यांमुळे इथले भूजल खारे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. या पट्ट्यातल्या अनेक विहिरी आणि बोअरचे पाणी ही दुसरी मर्यादाही ओलांडते. लोणारचे पाणीही खारे आणि इथलेही खारे, पण दोन्हींची कारणे वेगळी आहेत. चव सारखी म्हणून आरोपी एकच, असे मानणारा डिटेक्टिव्ह पहिल्याच प्रकरणात फसेल.

या गावांतून मूत्रपिंडाच्या विकाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येतात. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा अकोला किंवा अमरावती गाठणारी घरे तिथे आहेत. या घरांचे दुःख खरे आहे, म्हणूनच गुन्हेगाराचे नाव घाईने घेणे धोक्याचे आहे. कुणी फक्त खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवतो, कुणी फवारणीच्या औषधाकडे. पण संशयितांची यादी मोठी आहे. उन्हात राबताना शरीरातले पाणी घटणे. खारे पाणी बेचव म्हणून ते कमी पिणे. डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. निदान न झालेला मधुमेह आणि रक्तदाब. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात आणि मध्य अमेरिकेच्या ऊसपट्ट्यात शेतमजुरांची मूत्रपिंडे निकामी होण्याचा तपास कित्येक वर्षे चालू आहे. तिथेही उष्णता, पाणी, शेतीरसायने असे अनेक संशयित आहेत आणि एकट्यावर आरोप सिद्ध झालेला नाही. अंतराळ स्थानकातल्या यंत्राप्रमाणे इथेही गुन्हेगार एकाहून अधिक असू शकतात, आणि एकेकटे पाहिले तर निरपराध दिसू शकतात.

तपास लांबतो तेव्हा मधल्या काळात शेवटच्या पानावर चमत्कारी यंत्र काढणारे येतात. कुणी नळाला बांधायचे चुंबक विकतो, कुणी खडे विरघळवणारा काढा, कुणी सगळे विकार पळवणारे ‘खास’ पाणी. यातला प्रत्येक जण उत्तर आधी देतो आणि पुरावा देतच नाही. कॅम्पबेल यांना विज्ञानकथेत ज्या लबाडीची भीती होती, ती इथे रोज दुकान मांडून बसते. चांगली रहस्यकथा वाचलेला माणूस तिला निदान एक प्रश्न विचारतो. तेच पाणी पिणाऱ्या शेजाऱ्याला त्रास का नाही? ते पाणी न पिणाऱ्याला का झाला? गावात आजार आधी आला की बोअर आधी खोदली? साथरोगशास्त्र हेच प्रश्न मोठ्या प्रमाणावर आणि आकड्यांत विचारते.

हे पाठ्यपुस्तकातून शिकवता येणार नाही का? शिकवता येते, आणि शिकवलेही जाते. पण पाठ्यपुस्तक उत्तर आधी सांगते आणि प्रयोग नंतर. रहस्यकथेत वाचक चुकीच्या माणसावर संशय घेतो, शंभर पाने तो संशय बाळगतो आणि मग त्याला तो सोडावा लागतो. आपला अंदाज चुकला हे गुपचूप मान्य करण्याची ही सवय विज्ञानाच्या फार जवळची आहे. साधी डिटेक्टिव्ह कादंबरीही ती लावते. पण अंतराळातली कादंबरी त्यात एक भर घालते. तिथे हवा, पाणी, गुरुत्वाकर्षण यांतले काहीच गृहीत धरता येत नाही, म्हणून परिसर हाच पहिला संशयित ठरतो. पृथ्वीवर आपण ज्या पाण्याकडे बघतही नाही, त्याची तिथे चौकशी होते.

या प्रकारात उणिवा नाहीत असे नाही. स्पेस ऑपेराला लढायांचा सोस असतो. तोफा सुरू झाल्या की तपास मागे पडतो. ‘द एक्स्पान्स’मध्येही पुढे डिटेक्टिव्हचे काम कमी आणि युद्ध जास्त होते. असिमॉव्ह यांची पात्रे कधी कधी माणसांपेक्षा युक्तिवादच वाटतात. मराठीत हा प्रकार आला तर तो परदेशी नावे बदलून येऊ नये. त्याला इथलीच माती हवी.

ती माती कशी असू शकेल, याचे एक उदाहरण. ‘फिनिक्स’ या यानाला २००८ मध्ये मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्षार सापडले. परक्लोरेट शरीरात गेले तर थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेण्यात अडथळा येतो. मंगळावर वसाहत झाली तर पाणी जमिनीखालच्या बर्फातूनच काढावे लागेल, आणि ते या क्षारांपासून सोडवावे लागेल. आता अशा वसाहतीत माणसे एकामागून एक सुस्तावत आहेत, चुका करत आहेत आणि एका चुकीत कुणाचा तरी जीव जातो. खून की अपघात? तपासाला येते एक डॉक्टर, जिचे बालपण दर्यापूरकडच्या गावात गेले आहे. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे तिने आजीच्या चुलीशी पाहिले आहे. पाण्याची चव बदलली की ती सर्वांत आधी तिलाच कळते. ही कादंबरी न्यूयॉर्कच्या लेखकापेक्षा अकोल्याच्या लेखकाला अधिक चांगली लिहिता येईल. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात खाऱ्या जमिनीवर आयुष्य घालवलेले तज्ज्ञ त्याच शहरात आहेत, आणि लोणारचे विवर एका दिवसात जाऊन येण्याइतके जवळ आहे.

लेखक येतील तेव्हा येतील. तोवर अमरावती आणि अकोल्याच्या ग्रंथालयांनी, शाळा-महाविद्यालयांनी निदान वाचक तयार करायला हवेत. नारळीकरांच्या कथा आणि असिमॉव्ह यांची बेली-डॅनील जोडी एकाच फळीवर ठेवता येईल. विज्ञान मंडळाच्या बैठकीत अशी एखादी कथा शेवटच्या दोन पानांआधी थांबवून मुलांना उकल विचारता येईल. आणि मग त्याच मुलांना गावातल्या पाच विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासणीला पाठवून त्या आकड्यांची वही ठेवायला सांगता येईल. खारपाणपट्ट्यातल्या तपासाला आज सर्वांत जास्त गरज आहे ती वर्षानुवर्षे, गावोगावी, एकाच पद्धतीने ठेवलेल्या अशा नोंदींची. डायलिसिसच्या खाटेवरचा माणूस कथेच्या शेवटासाठी थांबू शकत नाही. त्याला आज गोडे पाणी आणि उपचार हवेत, आणि ते देणे शासनाचे काम आहे. पण त्याच्या मुलाला तीच खाट मिळू नये, यासाठी खरा गुन्हेगार सापडावा लागेल, आणि तो सापडेपर्यंत पुरावे गोळा करत राहणारी माणसे गावातच तयार व्हावी लागतील.